मागची काच

सोमवार, ४ नोव्हेंबर

पाण्याचं तापमान सव्वीस. खारटपणा बरोबर. झालं लिहून. आता उरलेल्या पानाचं काय करायचं?

टँकचं पाणी रोज तपासून लिहून ठेवा असं दुकानदाराने बजावलंय, म्हणून टूथपेस्ट कंपनीने दिलेली ही डायरी काढली. वर्ष सरत आलं तरी कोरी होती. पण पान अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही. दाढ अर्धी भरून पेशंटला कोणी घरी पाठवतं का?

तर टँक. खाली माझा दाताचा दवाखाना आणि वर घर. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे पेशंट ताटकळत बसतात, तिथे भिंतीपासून हातभर अंतरावर काचेचा समुद्र उभा राहिलाय. पांढरी वाळू, भोकाभोकांचा खडक, मिठाचं पाणी, निळसर दिवा. पुढेमागे यात प्रवाळ वाढवायचं आहे. सध्या एकही जीव नाही. पाणी मुरायला महिना लागतो म्हणे. आज एका आजोबांनी बराच वेळ टक लावून बघितलं आणि विचारलं, "मासे लाजरे आहेत का?"

टँक पेशंटसाठी आणलाय असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तो ताईसाठी आहे, इथे तिचं मन रमावं म्हणून. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, गेल्या आठवड्यात माझ्याकडे राहायला आली. आई गेली तेव्हा मी पाटी-पेन्सिलवाला होतो आणि ताई जेमतेम परकरातून साडीत आलेली. तिने मशीन घेतली आणि गावातल्या शाळांचे गणवेश शिवायला लागली. त्या मशीनवर मी दंतवैद्य झालो, तिचं लग्न झालं, भाचा इंजिनिअर झाला, आणि मेहुणे गेल्यावरही ती मशीन चालूच राहिली. आता तिच्या दुकानाची इमारत पाडताहेत. भाचा त्याच्या शहरात बोलावतोय, मी माझ्याकडे. ती म्हणाली, "थंडीपुरतं तुझ्याकडे राहून बघते. मग ठरवू."

मला ती कायमची हवी आहे. लग्न मी केलं नाही (कारण विचारू नये), आणि वरच्या मजल्यावर फ्रिज सोडला तर आवाज करणारं कोणी नाही. म्हणून ठरवलंय की तिला इकडची काडी तिकडे करू द्यायची नाही. स्वयंपाकाला बाई ठेवल्या, धुण्याभांड्याला वेगळ्या बाई ठेवल्या. मशीन शेजाऱ्यांकडेच ठेवायला लावली. म्हटलं, पुरे झाली आता ती खडखड. मशीनवर हात ठेवून ती जरा वेळ उभी राहिली, मग झाकण घातलं आणि गाडीत बसली.

शनिवार, ९ नोव्हेंबर

वाळूवर, खडकावर, काचेवर तपकिरी साय आलीय. जन्मभर तंबाखू खाल्लेल्याच्या दातांवर असते तशी. मला झोंबलं ते. माझ्या बाहेरच्या खोलीत किटण?

दुकानदाराला फोन केला. याने उभ्या जन्मात समुद्र पाहिलाय की नाही शंका आहे, पण बोलतो असा की मी त्याचं नाव दर्यासारंग ठेवलंय. म्हणाला, "सर, हे यायचंच. आधी तपकिरी, मग हिरवं. आता तुम्हाला सफाई पथक लागणार."

"म्हणजे माणसं?"

"गोगलगाई, सर."

फोन ठेवला, बाह्या सरसावल्या आणि जुना स्केलर घेतला. दाताचं किटण खरवडायचं ते आकडीसारखं हत्यार. दुपारच्या सुट्टीत खडकाचा एक अख्खा कोपरा पांढराशुभ्र केला. आमची सिस्टर, म्हणजे माझी मदतनीस, दारातून म्हणाली, "सर, आता गुळण्या करायला सांगा त्याला."

ताई वर झोपून होती. जेवण कमी झालंय तिचं. प्रवासाचा शीण असेल.

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळपासून नोकरभरती चालली आहे. पुस्तक आणलं, व्हिडिओ बघितले आणि उमेदवारांचे गुणदोष कागदावर मांडले. इतकी मजा मला कॉलेज सुटल्यापासून आली नव्हती.

एक समुद्रकाकडी असते. ती वाळू तोंडात घेते, त्यातली घाण खाते आणि स्वच्छ वाळू मागून सोडते. असा कामगार सरकारी खात्यातसुद्धा मिळायचा नाही. पण मेली तर सगळं पाणी विषारी करून जाते. नापास. शंखात राहणारे खेकडे: सगळं खातात, पण दुसऱ्याच्या शंखावर डोळा. शंख रिकामा नसला तर रिकामा करून घेतात. आयत्या बिळावर नागोबा. तरी चेहरा असा गमतीदार की दोन घ्यायचे ठरवले, सोबत रिकामे शंख ठेवायचे म्हणजे भांडण नको. वाळूत पुरून बसणाऱ्या गोगलगाई उरलंसुरलं मांस खातात, त्या पास. शेवाळ खाणाऱ्यांत दोन जाती आहेत. एकीचा शंख विदूषकाच्या टोपीसारखा, तिला मी टोपीवाली म्हणणार. दुसरीचा भोवऱ्यासारखा. टोपीवाल्या कामाला वाघ आहेत असं पुस्तक म्हणतं.

हे सगळं ताईला वाचून दाखवलं. ती खिडकीशी बसून रस्त्यावरच्या शाळेच्या पोरांकडे बघत होती. म्हणाली, "त्यांना पगार काय देणार?"

"शेवाळच पगार. काम हेच जेवण."

"बरंय," ती म्हणाली. "त्या पोराच्या सदऱ्याची कॉलर उसवलीय बघ."

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

पथक हजर. टोपीवाल्या दहा, वाळूतल्या पाच, खेकडे दोन. गोगलगाईंना खारटपणातला फरक सोसत नाही, म्हणून बादलीत ठेवून त्यांच्या पाण्यात आमचं पाणी थेंब थेंब सोडायचं. सलाईनची नळी आमच्याकडे असतेच. सिस्टरने गाठ मारून थेंब असे काही जमवले की दर्यासारंगाने बघून मान डोलावली. दुपारचे दोन पेशंट बादलीभोवती उभे होते. एकाची दाढ दुखायची थांबली होती म्हणे. ती भीतीने थांबते.

पण आजची खरी बातमी वेगळी आहे. एक टोपीवाली समोरच्या काचेवर चढली आणि मी डोळ्याला भिंग लावून तिच्या तोंडाशी नाक नेलं. तोंड उघडतं, आतून जीभ बाहेर येते, काच चाटते आणि आत जाते. त्या जिभेवर दात आहेत. एकदोन नाहीत, ओळीच्या ओळी, हजारोंनी! पुढच्या झिजल्या की मागच्या ओळी पुढे सरकतात. इतकी वर्षं मी बत्तीस दातांच्या राज्यात राहिलो आणि माणसाला कवळ्या बसवत आलो. इथे एका गोगलगायीला कवळीची गरज नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आपण हिणवून म्हणतो. या उचलतात जीभ आणि लावतात काचेला, आणि काच स्वच्छ होते.

ताईला खाली बोलावलं, भिंग दिलं. ती काचेच्या अगदी जवळ गेली. तोंडाकडे तिचं लक्ष नव्हतंच. गोगलगाय जिथून गेली होती तिथल्या तपकिरी सायीत बारीक नागमोडी रेघ उमटली होती, त्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"ही झिगझॅग टीप आहे," ती म्हणाली. "काजाला घालतात ती. आणि एकसारखी घातलीय बघ. कुठे टाका सुटला नाही."

ती संध्याकाळपर्यंत खालीच होती.

मंगळवार, ३ डिसेंबर

टोपीवाल्यांचा एक दोष पुस्तकाने शेवटच्या पानावर लपवून ठेवला होता. त्या उंच चढतात, पडतात, आणि उलट्या पडल्या की त्यांना सरळ होता येत नाही. तशाच पडून राहिल्या तर मरतात. किंवा खेकडे येऊन शंखाची चौकशी करतात.

हे ताईला कळल्यापासून ती सकाळी चहा घेतला की खाली येते. बाही कोपरापर्यंत वर, हात नुसत्या पाण्याने धुतलेला (साबण चालत नाही, हे तिने एकदाच ऐकलं), आणि उलट्या पडलेल्या एकेकीला उचलून खडकावर लावते. दुपारी एकदा, संध्याकाळी दवाखाना बंद होताना एकदा. पेशंट तिला विचारतात, आज किती पडल्या? एक बाई दाताचं काम संपलं तरी ताईशी बोलायला थांबल्या, आणि जाताना ताईने सुईदोरा मागवून त्यांच्या पर्सचा बंद टाचून दिला.

काल जेवताना तिने भात मागून घेतला. नव्या बाईंच्या हाताला चव आहे. त्यांचा पगार वाढवावा म्हणतो.

पण ताईने वाकून वाकून पाण्यात हात घालणं मला बघवत नाही. या वयात? मी तिला आराम करायला आणलंय की गोगलगाई उचलायला? काहीतरी केलं पाहिजे.

रविवार, ८ डिसेंबर

केलं. सगळ्या टोपीवाल्या दर्यासारंगाला परत देऊन त्यांच्या बदली दहा भोवरे आणले. भोवरे पडले तरी स्वतःचे स्वतः उलटतात. पाय लांब काढून वाळूत रोवतात आणि एका हिसक्यात सरळ. मी समोर बसून बघितलं, टाळीच वाजवली.

ताई नेहमीसारखी बाही सरसावून खाली आली. मी म्हटलं, "ताई, आता तुला हात घालायला नको. या स्वतः उठतात."

तिने थोडा वेळ बघितलं. एक भोवरा पडला आणि उठला.

"छान झालं," ती म्हणाली, आणि बाही खाली केली.

इतकं करूनही शाबासकी अशी बेताची. मला वाटलं होतं जास्त खूश होईल.

शनिवार, १४ डिसेंबर

तपकिरी जाऊन आता हिरवं येतंय, पण मी त्याला जम बसवू देत नाही. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी चारी काचा पुसतो, मग खडकाच्या फटी स्केलरने. पेशंट म्हणतात, काच आहे की नाही तेच कळत नाही. एकाने कपाळ आपटलं. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी पावती नाही.

भोवरे मात्र सुस्त आहेत. कोपऱ्यात बसून असतात.

ताईला खाली यायचा कंटाळा येतो म्हणते. खिडकीशी बसते. परवा मी वर गेलो तर तिने कपाटातले माझे शर्ट काढले होते आणि बटणं ओढून बघत होती. एकही सैल नव्हतं. मी लाँड्रीवाल्याला सक्त ताकीद दिलेली आहे.

शुक्रवार, २७ डिसेंबर

एक भोवरा मेला. खेकड्याने शंखाचा ताबा घेतला. हात लावून बघितलं तर बाकीचे हलके लागतात.

पाण्याच्या सगळ्या तपासण्या केल्या. तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्रेट. सगळं जिथल्या तिथे. दर्यासारंग येऊन म्हणाला, "सर, असं पाणी माझ्या दुकानात नाही," आणि तीन बाटल्या औषधं सुचवून गेला. पाणी चांगलं असेल तर औषध कशाला, या प्रश्नावर त्याने समुद्राच्या खोलीविषयी काहीतरी सांगितलं.

ताईचे रिपोर्टही आले. तिने जेवण निम्म्यावर आणलंय, पायात गोळे येतात म्हणते, दुपारभर पडून असते, म्हणून मी डॉक्टर मित्राकडे नेलं होतं. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळं जिथल्या तिथे. मित्र म्हणाला, "या वयात असे रिपोर्ट मी बघितले नाहीत." त्यानेही तीन टॉनिकं लिहून दिली.

दोन्हीकडे रिपोर्ट उत्तम आणि दोन्हीकडे लक्षण ठीक नाही. आजचं पान रिकामं ठेवणार होतो.

रविवार, ५ जानेवारी

पथकाला वरून खायला घालून बघितलं. दर्यासारंगाकडे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागद मिळतात. एक तुकडा चिमट्यात धरून काचेला लावला. वाळूतल्यांसाठी कोळंबीचा कण टाकला. त्या मात्र हुशार. वास लागताच वाळूतून सोंडा वर आल्या आणि त्यामागून सगळी वरात. भोवरे कागदाकडे फिरकले नाहीत. कागद विरघळून पाण्यात कचरा व्हायला लागला म्हणून दुपारी काढून टाकला.

जेवताना हे ताईला सांगत होतो. बाईंनी तिचं ताट वाढून समोर ठेवलं होतं, तिने एका बाजूने उष्टावल्यासारखं केलं होतं.

"हजारो दात आहेत," मी म्हटलं, "आणि खायला नको."

"दात आहेत तर चणे नाहीत," ती म्हणाली.

"अगं, चणे लावले ना काचेला. चिमटा लावून."

"चिमट्यात धरून पुढ्यात आणलेलं..." ती पाणी प्यायली. "त्यांची चरायची सवय असते रे. फिरून, हुडकून. तू सकाळी उठून सगळं पुसून ठेवतोस. मग त्यांनी दिवसभर करायचं काय?"

मी म्हटलं, काच घाण ठेवू का मग, दाताच्या दवाखान्यात? ती हसली फक्त. तिला या गोष्टी कशा कळणार?

गुरुवार, ९ जानेवारी

आज नीट लिहिता येणार नाही.

सकाळी ताई म्हणाली, "मी जाते म्हणते. लेकाला सांगितलंय. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी तो गाडी घेऊन येईल."

मला आधी कळेचना. म्हटलं, इथे काही कमी आहे का? बाई नीट करत नाहीत का? माझं काही चुकलं का?

"कमी काहीच नाही रे. तीच तर पंचाईत आहे." मग माझ्याकडे बघून तिचा आवाज उतरला. "तू फार केलंस माझं. कोणी केलं नाही इतकं. पण मला इथे दिवस ढकलावा लागतो."

दहा वाजताच्या पेशंटला चुकीच्या बाजूला भुलीचं इंजेक्शन देणार होतो, सिस्टरने खांद्याला हात लावला म्हणून वाचलो. कमी काही नाही आणि तरी राहवत नाही, याचा अर्थ काय लावायचा? मुलाची ओढ असेल. ते साहजिकच आहे. मुलगा तो मुलगा आणि भाऊ तो भाऊ, हे मला एवढ्या उशिरा कळावं.

तरी मला वाईट वाटलं. खूप वाटलं.

सोमवार, १३ जानेवारी

उद्यापासून दंतवैद्यांचं अधिवेशन, परगावी. जायचं मनात नाही, पण माझं भाषण आहे. विषय: किटण. सिस्टरला बजावलंय की रोज सकाळी चारी काचा पुसायच्या. स्वयंपाकाच्या बाईंना बजावलंय की ताईला चुलीपाशी येऊ द्यायचं नाही.

रविवार, १९ जानेवारी

काय काय लिहू.

काल दुपारी परत आलो. टँककडे बघितलं आणि बॅग हातातून सुटली. काचा हिरव्या! चारी बाजूंनी पातळ हिरवी साय. सिस्टर म्हणाली, "सर, मी पुसत होते, पण तुमच्या ताईंनी फडकं काढून घेतलं. म्हणाल्या, मी बघते डॉक्टरांचं."

वर गेलो तर आणखी पुढचं. स्वयंपाकाच्या बाईंना ताईने भरपगारी सुट्टी दिली होती. भांड्याला फोडणीचे डाग, ओट्यावर पिठाची बोटं, आणि बाहेरच्या खोलीचे पडदे काढून तिने हाताने खालची पट्टी उलगडून पुन्हा शिवायला घेतली होती. चष्मा नाकावर, तोंडात टाचण्या. टाचण्या दातात धरू नये, दाताचं कवच उडतं, हे मी तिला लहानपणापासून सांगतोय. लहानपणी मला हे माहीत कसं होतं देव जाणे.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कडा एक बोट वर-खाली होती. तीन महिने बघतेय मी ती."

"अगं, शिंप्याकडे दिले असते."

"मी कोण आहे?" ताई म्हणाली.

रागारागात खाली आलो, काच पुसायला फडकं उचललं आणि थांबलो. हिरव्या सायीत झिगझॅग टिपा. एक, दोन, दहा. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली वाळूपर्यंत. सगळे भोवरे बाहेर होते. एक तर दिवसाढवळ्या दिव्याखाली चालला होता, तोंड सारखं उघडमीट, उघडमीट. भिंग लावलं. मला ते बराच वेळ बघत बसावंसं वाटलं, आणि बसलो.

मी त्यांना उपाशी मारत होतो. काम हेच जेवण, हे माझंच वाक्य या डायरीत आहे. मीच रोज सकाळी त्यांचं ताट पुसून ठेवत होतो, तेही स्केलरने, फटीफटीतून. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी तर दुसऱ्यांचं ताट कोरत होतो. अशी चूक करायला माणूस दंतवैद्यच असावा लागतो.

ठरवलं. समोरची काच पेशंटसाठी पुसायची. मागची काच त्यांची. तिला फडकं लावायचं नाही.

काल ताईने दोन वेळा वाढून घेतलं. स्वतःच्या हातचं म्हणून असेल.

शनिवार, २५ जानेवारी

सिस्टरला सकाळी खुर्चीखाली एक भोवरा सापडला. टँकमधून चढून बाहेर, फरशीवरून थेट पेशंटच्या खुर्चीपर्यंत. दात दाखवायला आला असावा. ओला होता, वाचला. आता टँकला झाकण हवं, आणि पुढे मासे येतील तेही उड्या मारतात. जाळीचं हवं, म्हणजे हवा खेळेल.

दर्यासारंगाकडे तयार झाकण होतं. अगदी मापाचं, चौकटीसकट. म्हणाला, "सर, आजच लावून देतो." मी खिशात हात घातला, आणि का कोण जाणे, नको म्हटलं. म्हटलं, बघतो.

घरी येऊन ताईला विचारलं, "टँकला जाळीचं झाकण लागतंय. जमेल का तुला?"

विचारताना मला लाज वाटत होती. आठवडाभरात जाणार असलेल्या माणसाला कामाला लावतात का? पण ती उठली. पर्समधून टेप काढली. अजून पर्समध्ये टेप ठेवते, हे मला माहीत नव्हतं. खाली आली आणि टँकची लांबी, रुंदी, कोपरे मोजायला लागली. पायात गोळे येणारी बाई स्टुलावर चढली. सिस्टर आकडे लिहून घेत होती. पेशंट तोंड उघडं ठेवून खुर्चीत, आणि मी दारात.

"काठाला नाडी घालू की लवचिक पट्टी?" ताईने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं!" ती स्वतःशीच म्हणाली. "पट्टी खाऱ्या पाण्याने आठवड्यात मरेल. नाडी घालू, नायलॉनची. जाळी दुहेरी. आणि खायला घालायला एक कोपरा उघडा हवा, त्याला झडप करते. पण हे हाताने नाही व्हायचं. जाळी सरकते. मशीनच लागेल."

मी म्हटलं, "मग?"

ती टेप गुंडाळत राहिली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

रविवार, २६ जानेवारी

ताई भाच्याशी फोनवर बोलत होती. मी चोरून ऐकत नव्हतो, माझा चहा त्याच खोलीत होता.

"येतोयस ना रविवारी? ये. पण रिकामा येऊ नकोस. वाटेत गावावरून मशीन उचल. शेजारच्या काकूंकडे आहे... नाही, तुझ्याकडे न्यायला नाही. इथे... अरे, मामाचं झाकण शिवायचंय... नुसतं झाकण नाही, पडदे आहेत, दवाखान्याचे एप्रन बघितलेस का, पोती बरी... हो. हो रे. थंडी संपली तरी."

चहा गार झाला. तसाच प्यायलो.

रविवार, २ फेब्रुवारी

भाचा आला. मशीन मागच्या सीटवर आडवी, चादरीत गुंडाळलेली. मला म्हणाला, "मामा, आईला न्यायला आलो होतो आणि तिच्या सामानासकट इथेच सोडून चाललोय. तुम्ही काय जादू केलीत?"

मी म्हटलं, "काही नाही रे. पाणी बदललं नाही, औषध घातलं नाही. जरा घाण राहू दिली." काही न समजल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मी गोगलगाईंबद्दल बोलत होतो.

मशीन वर न्यायची की खाली यावर चर्चा झाली. ताईने प्रश्न निकालात काढला. उजेड खाली आहे, म्हणाली. बाहेरच्या खोलीत, टँकच्या शेजारी, खिडकीखाली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तापमान सव्वीस. खारटपणा बरोबर. झाकण बसलं, झडपेसकट. कालपासून दोन पेशंटनी मापं दिली. एकाचा दाताशी काही संबंध नव्हता, तो रस्त्यावरून आत आला होता. मशीनची खडखड माझ्या ड्रिलपेक्षा मोठी आहे. पेशंट म्हणतात, त्यामुळे ड्रिल ऐकू येत नाही.

बाहेरची खोली मात्र बघवत नाही. मशीनखाली दोऱ्यांचे तुकडे, जाळीच्या चिंध्या, खडूची भुकटी. एक गुलाबी दोरा पेशंटच्या बुटाला चिकटून माझ्या खुर्चीपर्यंत आला.

सकाळी सिस्टर झाडू घेऊन आली. समोरची काच मी पुसली. मागच्या काचेवर नव्या टिपा पडल्या होत्या. ताई चहा घेऊन खाली यायची होती. सिस्टर मशीनखाली वाकली तेव्हा मी म्हटलं, तिकडचं राहू दे.